उभ्या माणसांचे डॉक्टर

सरांच्या तपासणीच्या खोलीत खुर्ची नव्हती. आधी दोन होत्या, एक सरांची आणि एक पेशंटची. मी त्या दवाखान्यात नोकरीला लागले त्याच आठवड्यात सरांनी दोन्ही उचलून व्हरांड्यात ठेवायला लावल्या. "ज्याला बसता येत नाही त्याला 'या, बसा' म्हणायचं ही चेष्टा झाली, सिस्टर," म्हणाले. पेशंट उभा तर डॉक्टर कसा बसणार, म्हणून त्यांची स्वतःचीही गेली. बँकेत लोक स्लिपा भरतात तसे ते उंच टेबलाशी उभे राहून केसपेपर लिहायचे. औषध कंपन्यांची पोरं यायची, बसायला जागा शोधायची आणि पाच मिनिटांत निघून जायची. सरांना तोही एक फायदाच वाटायचा.

परभणीत ऑपरेशन करणारे डॉक्टर काही कमी नव्हते. पण बसायच्या जागेचं दुखणं म्हटलं की लोक आमच्या दवाखान्याचं नाव घ्यायचे, तेही आवाज खाली आणून. सर हर्निया करायचे, अपेंडिक्स करायचे, पण त्यांचा जीव भगंदरात. दुसऱ्या डॉक्टरांना हे दुखणं नकोसं वाटतं. घाण काम, वेळखाऊ, आणि बरा झालेला पेशंट चारचौघांत तुमचं नावही घेत नाही. सरांना नेमकं हेच आवडायचं की काय कोण जाणे.

येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा.

"मूळव्याध हाय, साहेब."

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हंतेत."

"सगळ्यांनी बघितलंय का?"

मग सर एकेक विचारायला लागायचे. आधी गळू आलं होतं का? ठणका लागून ताप आला होता का? फुटलं तेव्हा एकदम मोकळं वाटलं का? आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तिथंच आलं का? शेवटचा प्रश्न ते पेशंटच्या कानाजवळ जाऊन, मलाही नीट ऐकू येणार नाही अशा आवाजात विचारायचे. "कपडा ओला होतो का?" तोवर 'काही न्हाई, काही न्हाई' करणारा माणूस या प्रश्नाला मान खाली घालायचा. रक्त गेलं तर माणूस घाबरून सांगतो, पण पू लागला तर लपवतो, असं सरांचं म्हणणं. कितीतरी बाप्ये बायकोलासुद्धा कळू न देता स्वतःची धोतरं स्वतः धुवायचे आणि घरातली बाई त्याचं कौतुक करायची.

समजावून सांगायची त्यांची रीत निराळी होती. शेतकऱ्याला म्हणायचे, "उंदराचं बीळ बघितलंय ना? एक तोंड बांधावर, एक तोंड पिकात. तुम्ही बांधावरचं तोंड मलम लावून बुजवायलात. उंदीर आतल्या तोंडातनं ये-जा करायलाय." शेतकऱ्याला लगेच कळायचं. पुढचं सांगताना मात्र ते गंभीर व्हायचे. ते बीळ मलमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूच्या खालून गेलं असेल तर उघडून साफ करता येतं. वरून गेलं असेल तर घाई करायची नाही. "तो स्नायू म्हणजे पायजम्याची नाडी," म्हणायचे. "बीळ खणायच्या नादात नाडी कापली तर पुढं सगळा जन्म पायजमा हातात धरून फिरायचं."

अशा वरच्या भगंदराला ते दोरा घालायचे. त्या बिळातून, म्हणजे भगंदराच्या नळीतून आरपार ओवलेला दोरा, सैल गाठ मारून बाहेर ठेवलेला. महिनोन् महिने तो तसाच राहायचा, दर काही आठवड्यांनी जरा आवळायचा. आत पू साठत नाही आणि स्नायू एकदम कापला जात नाही. पेशंट लाजेनं अर्धा व्हायचा. सर म्हणायचे, "कमरेला करगोटा बांधता तेव्हा लाज वाटत न्हाई, ह्यो जरा खाली बांधलाय, एवढंच."

नातेवाइकांचा खरा राग असायचा तो टाक्यांवरून. ऑपरेशन झालं आणि टाके नाहीत, म्हणजे डॉक्टरनं काम अर्धवट सोडलं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. जिंतूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या मुलांनी तर वॉर्डात गोंधळ घातला होता. "जखम उघडी टाकून पैशे घेतेत का?" सरांनी त्यांना शांतपणे आत घेतलं, जखम दाखवली आणि सांगितलं की ही तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी मिटली तर आत पुन्हा पोकळी राहते आणि सगळं पहिल्यापासून. त्यासाठी रोज ड्रेसिंग. ते काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. रोज सकाळी स्वतः, प्रत्येकाचं. कोमट पाण्याच्या टबात पेशंटला बसवून झालं की सर हातमोजे चढवून हजर. कधीकधी भगंदराच्या मुळाशी टीबी असतो, म्हणून काढलेल्या नळीचा तुकडा टीबीच्या तपासणीला गेला का, हेही रोज विचारायचे. मी एखाद्या नातेवाइकावर आवाज चढवला की म्हणायचे, "आमच्या वॉर्डात दोनच गोष्टी गरम. टबातलं पाणी आणि आमच्या सिस्टर."

माझा स्वभाव तापट आहे हे खरंच. तेव्हा तर मला त्याचा अभिमान होता.

सरांचा सगळ्यात मोठा नाद म्हणजे एसटी. आठवड्यातून एकदा ते ताडकळसला एका मित्राच्या दवाखान्यात पेशंट तपासायला जायचे. घरी गाडी, ड्रायव्हर, सगळं असताना लाल डब्यातून जायचे. तीही दुपारची रिकामी गाडी बघून. कारण विचारलं तर सांगायचे, "भरलेल्या गाडीत सगळेच उभे असतात. रिकाम्या गाडीत जो उभा असतो तो माझा पेशंट."

आणि खरंच ते शोधायचे. सीटा रिकाम्या असताना दांडा धरून उभा असलेला माणूस दिसला की सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. आधी पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव. मग हळूच, "बसत का न्हाई?" बहुतेक जण काहीतरी थाप मारायचे. मग सर कानाशी लागून तो प्रश्न विचारायचे आणि खिशातली चिठ्ठी हातात द्यायचे. चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव आणि वार, बाकी काही नाही. चारठाण्याच्या एका पैलवानानं या प्रश्नावर त्यांची कॉलर धरली होती. तो पैलवान पुढच्या महिन्यात आला, पाच महिने दोरा वागवला, बरा झाला. पुढं दर साली पिशवीभर हुरडा पाठवायचा. पिशवीवर नाव मात्र कधी लिहिलं नाही.

आम्ही नर्सेस या नादावर खूप हसायचो. हसण्यासारखंच होतं. पण त्या चिठ्ठ्या घेऊन येणारी माणसं मी मोजली नसली तरी बघितली होती. घडी घालून घालून मऊ झालेली चिठ्ठी, कधी सहा-सहा महिने बंडीच्या खिशात वागवलेली.

आता आण्णाचं सांगते. आण्णा माझा थोरला भाऊ. ताडकळसला आमचं कापडाचं दुकान आहे, वडील गेल्यापासून तोच गादीवर बसतो. घर लिंगायताचं. आण्णा रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी घेत नसे. बोलणं कमी. माझं लग्न, माझं नर्सिंगचं शिक्षण, सगळं त्यानंच केलं. त्याच्यासमोर मी अजून पदर सावरून उभी राहते.

त्याच्या मुलीला बघायला सोनपेठचे पाहुणे आले होते. त्यांना आणायला आण्णा परभणीच्या स्टँडवर गेला आणि दुपारच्या गाडीनं सगळे निघाले. पाहुणे बसले, आण्णा उभा. पाहुण्यांना वाटलं, काय अदबीचा माणूस आहे. त्याच गाडीत आमचे सर होते. त्यांनी आण्णाला पूर्वी कधी बघितलेलं नव्हतं. शेजारी जाऊन उभे राहिले, पाऊसपाणी झालं आणि मग कानाशी वाकून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, चिठ्ठी हातात दिली. एसटीत कानाशी बोललेलं किती कानांत जातं ते आपल्याला माहीत आहे. मुलाच्या मामानं वळून बघितलं. ताडकळस आल्यावर आण्णा पाहुण्यांना घेऊन उतरला आणि पाहुणचार नीट पार पडला.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला.

"बाई, तुमच्या दवाखान्यात पांढऱ्या मिशाचा, उंच डॉक्टर हाय का? एसटीनं फिरतंय?"

"हाय की. काय झालं?"

त्यानं थांबत थांबत गाडीतलं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "कसा मानूस हाय गं त्यो?"

माझं डोकं फिरलं होतं. "येडा हाय," म्हटलं. "कुनाला बी धरून काही बी इचारतंय. तू मनावर घेऊ नको आण्णा. मी बघते त्याच्याकडं."

"नगं. तू कशाला बोलतीस? त्याचं तसं काय चुकलं न्हाई."

"तू लय भोळा हाईस. पोरीचं जमता जमता मोडलं असतं म्हंजे?"

लेकरं कशी आहेत विचारून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगच्या वेळी, सगळ्या वॉर्डासमोर, मी सरांना बोलले. पेशंट, नातेवाईक, दोन शिकाऊ नर्सेस, सगळे ऐकत होते. म्हटलं, "सर, लोकांची इज्जत म्हणजे तुमचं तपासायचं टेबल नव्हे. काल तुम्ही ज्याला गाडीत विचारलंत तो माझा भाऊ होता. त्याच्या लेकीचे सासरचे बसले होते तिथं. तुम्हाला पेशंट मिळवायची एवढी हौस असेल तर पाटी लावा स्टँडवर." पाटीचं तर मी मुद्दाम म्हटलं. पेशंट मिळवायला सर जात नव्हते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सरांनी हातातलं ड्रेसिंग पूर्ण केलं. मोजे काढले. म्हणाले, "चुकलं माझं, सिस्टर. भाऊंना सांगा, माफी मागितली म्हणून." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर ते एसटीनं गेले नाहीत. ताडकळसला जायचे, पण गाडीतून, ड्रायव्हरशेजारी बसून. चिठ्ठ्यांचा गठ्ठा औषधांच्या कपाटात तसाच पडून राहिला. दोन-तीन महिन्यांनी मऊ झालेल्या चिठ्ठ्या घेऊन येणारी माणसं कमी झाली, मग बंदच झाली. त्या वाटेवर किती जण तसेच दांडा धरून उभे राहिले असतील याचा हिशोब माझ्याकडून कुणी मागितला नाही. मी मात्र कधीकधी मनातल्या मनात करते आणि अर्ध्यावर सोडून देते.

खरी लाजेची गोष्ट दुसरीच आहे. आठ वर्षं मी त्या वॉर्डात होते. रोज परक्या बाप्यांना गळू, ताप, पू सगळं विचारून कागदावर उतरवत होते. रिकाम्या गाडीत उभा राहणारा माणूस कोण असतो, हे सरांच्या खालोखाल मलाच ठाऊक. आणि तरीही माझ्या डोक्यात हा विचार एकदाही आला नाही की आण्णा उभा का होता. भावाला कसं विचारायचं? त्याचं अंग असं काही करूच शकत नाही, असंच जणू मी धरून चालले होते.

सहा महिन्यांनी त्याच सोनपेठच्या घरी लग्न ठरलं. लग्नाच्या विधींना मुलीच्या बापाला तास-तास बसावं लागतं. आण्णाला ते जमणार नव्हतं. हे सगळं मला पुढं कळलं. त्यानं कुणाला न सांगता लांबच्या एका गावी जाऊन ऑपरेशन करून घेतलं. तिथं कुणीतरी एका दिवसात भगंदर मोकळं करून देतो, दोरा नको, ड्रेसिंग नको, अशी हमी देत होतं. आण्णाचं भगंदर वरचं होतं. त्या माणसानं ते एका झटक्यात आरपार उघडलं. आमच्या दवाखान्यात तो का आला नाही? तिथं बहीण आहे म्हणून. ज्या दवाखान्यात त्याला सगळ्यात आधी नेलं असतं तोच त्याला बंद होता.

लग्नात आण्णा अर्ध्या विधीतून उठला. पोट बिघडलंय म्हणून वैनींनी सांगितलं. त्यानंतर तो दुकानात येईना, कुणाच्या घरी जाईना, गाडीत बसेना. इष्टलिंग हातात घेणं त्यानं बंद केलं. आमच्यात विटाळ मानत नाहीत, लिंग अंगावरच असतं, हे त्यानंच मला लहानपणी शिकवलेलं. तरी त्यानं बंद केलं. शेवटी वैनींनी मला फोन करून रडत रडत सांगितलं, "बाई, तुमच्या भावाला काहीच आवरंना झालंय. आंथरुनातबी न्हाई."

मी त्याला घेऊन आले. सरांनी तपासलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "नाडी कापलीय, सिस्टर. दोन टोकं शोधून पुन्हा जोडता येतील. पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही." त्यापलीकडं एक शब्द नाही. बसचा विषय नाही, माझ्या बोलण्याचा नाही. मग केसपेपर माझ्या हातात दिला. "हिस्ट्री तुम्ही घ्या."

"सर, सख्खा भाऊ आहे. दुसऱ्या सिस्टरला सांगा ना."

"म्हणूनच," सर म्हणाले आणि आम्हा दोघांना आत सोडून त्यांनी दार ओढून घेतलं.

आण्णा भिंतीकडे तोंड करून आडवा होता. मी विचारत गेले, तो भिंतीला सांगत गेला. गळू कधी आलं? चार वर्षं झाली. ताप? यायचा. किती वेळा फुटलं? मोजलं न्हाई. कपडा ओला व्हायचा का? तो म्हणाला, "व्हायचा." चार वर्षांत मी त्याला राखी बांधली, दिवाळीला त्याच्या ताटाशेजारी बसून जेवले. तो उशी घेऊन बसायचा आणि मी त्याला म्हातारा झालास म्हणून चिडवायचे.

कागदावर शेवटचा रकाना होता, ऑपरेशनआधी कुणाला दाखवलं का.

आण्णा म्हणाला, "दाखवलं न्हाई. पर एकानं इचारलं होतं. तुझ्या सरानं. चार सालात त्या येकानंच. गाडीतनं उतरल्यावर मला लय हलकं वाटलं होतं, बाई. वाटलं, ह्येला ठावं हाय, ह्येला सांगावं लागत न्हाई. त्यादिशी सांजच्याला तुला फोन केलता त्यो त्याच्यासाठीच. मानूस कसा हाय, यावं का, ह्ये इचारायला."

"मंग बोललास का न्हाई?"

"तू बोलू दिलंस कुटं? अन् दुसऱ्या दिशी तुझ्या वैनीला सांगितलंस ना तू, सरासंगं भांडले म्हनून. माझ्या इज्जतीपायी तू त्याला सगळ्यांसमोर पाडलंस. मंग मी कोन्या तोंडानं त्याच्याच टेबलावर येऊन झोपू? खाली मान तुझी झाली असती."

मी त्याची इज्जत सांभाळली आणि त्यानं माझी. त्या दोन्हींच्या मध्ये त्याचा देह चिरडला गेला.

रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं आणि कागद सरांना दिला.

सरांनी जोडणी केली. अडीच तास लागले. आण्णा आता दुकानात येतो, तासभर थांबतो. घट्ट असलं तर आवरतं, पोट ढिलं झालं तर आवरत नाही. नातवाच्या बारशाला त्याला सोनपेठला जायचं होतं, तयार होऊन उंबऱ्यापर्यंत आला आणि परत आत गेला. पूजा पुन्हा सुरू केली आहे. माझ्याशी नीट बोलतो, पहिल्यापेक्षा जास्तच बोलतो, आणि मला ते सोसत नाही.

आण्णा त्या दिवशी जे बोलला ते मी सरांना सांगितलं नाही. सरांना वाटत राहिलं असणार की त्यांनी एका भल्या माणसाला चारचौघांत दुखवलं. त्यांच्या प्रश्नानं चार वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते फक्त मीच सांगू शकत होते.

गेल्या वर्षी सर निवृत्त होऊन लेकीकडे निघाले. दवाखान्यानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला, त्याच वॉर्डात, खाटा बाजूला सारून. सगळे जमले होते, जुने पेशंटही काही आले होते. सिस्टरांतर्फे मी बोलायचं ठरलं होतं. मी घरून दोन ओळी पाठ करून आले होते. सर, त्या दिवशी चूक तुमची नव्हती, माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. ज्यांच्यासमोर त्यांना बोलले होते त्यांतल्या दोघी समोर बसल्या होत्या. माइक हातात आला. मी सरांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले, त्यांच्या ड्रेसिंगबद्दल बोलले, एक विनोद सांगितला, आणि आभार मानून माइक पुढच्या माणसाकडे दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.